वरून पाऊस, खालून फवारे

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कोकणातलं आमचं गावचं घर बंद होतं. भाईजान कुवेतला, आम्ही मुंबईत. रात्री शेजारच्या चाचींचा फोन आला. "इकडे वळीव कोसळतोय आणि तुमच्या अंगणातले फवारे त्याच पावसात चालू आहेत. घरी कुणी आलंय का?"

कुणीच आलं नव्हतं. भाईजाननी हौसेने लावलेल्या हिरवळीला टायमर ठरल्या वेळी पाणी देत होता, एवढंच. चाचींनी एका शब्दाने तक्रार केली नाही. पण विहीर सामाईक आहे आणि मे अखेरीला ती तळाला जाते, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

आम्हाला जास्त लागलं ते हे, की फवाऱ्यांबरोबर रेन सेन्सरही बसवून घेतला होता. पाऊस पडला की पाणी आपोआप बंद होईल, असं सांगून कारागीर गेला होता. मग तो सेन्सर गप्प का राहिला? गावी जाऊन पाहिलं तेव्हा दोन साध्या चुका सापडल्या. बऱ्याच घरांत त्या असू शकतात, म्हणून यावेळी त्याच विषयावर.

हे यंत्र काय करतं?

घरगुती सेन्सरमध्ये बहुधा बुचासारख्या चकत्या असतात. पावसाचं पाणी शोषून त्या फुगतात, आतलं बारीक बटण दाबतात आणि व्हॉल्व्हकडे जाणारा वीजप्रवाह तुटतो. चकत्या सुकल्या की प्रवाह पुन्हा सुरू. टायमरचं घड्याळ मात्र चालूच राहतं. त्यामुळे टायमरवर 'चालू' दिसतं आणि फवारे बंद असतात. याला बिघाड समजू नये. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात 1991 पासून नव्या स्वयंचलित फवाऱ्यांना असं साधन लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

कुठे आणि कसं बसवावं?

आमची पहिली चूक इथेच होती. सेन्सर पागोळ्यांच्या आत, भिंतीला ठोकलेला होता. दिसायला नीटनेटका, पण त्याच्यावर पावसाचा थेंब पडत नव्हता. सेन्सर उघड्या आकाशाखाली हवा. गच्चीच्या कठड्यावर किंवा पन्हळीच्या कडेला. वर माडाची झावळी नको, फवाऱ्याचं पाणी उडेल अशी जागा नको आणि छपराचं पाणी त्याच्यावर गळायला नको.

दुसरी चूक तारेची. टायमरमध्ये सेन्सरसाठी दोन टर्मिनल असतात आणि कंपनीतून येताना ती एका छोट्या तारेने जोडलेली असतात. सेन्सर लावताना ही तार काढायची असते. ती तशीच राहिली, तर सेन्सर कितीही भिजला तरी प्रवाह त्या तारेतून जातच राहतो. आमच्याकडे ती तशीच होती.

व्हॉल्व्हची वीज बहुधा 24 व्होल्टची असते, पण पंपाची 230 व्होल्टची. सेन्सरची तार थेट पंपाच्या लाईनमध्ये कधीही जोडू नका. पंपासाठी वेगळा रिले लागतो आणि हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. व्हॉल्व्ह बंद झाले की पंपही थांबतो ना, हे त्याच्यासमोरच पाहून घ्या. नाहीतर बंद नळीवर पंप चालत राहून जळतो.

सेन्सरच्या टोपीवर 3, 6, 12 मिलिमीटर असे आकडे असतात. तेवढा पाऊस झाल्यावर पाणी थांबतं. आम्ही 6 वर ठेवलं आहे. धूळ बसवणाऱ्या सरीने मुळं भिजत नाहीत.

बिघाड ओळखताना

पावसात फवारे थांबत नसतील, तर आधी टायमरवरचं बायपासचं बटण पाहा. मग ती छोटी तार, मग सेन्सरची जागा. ठरलेला कार्यक्रम चालू असताना सेन्सरची वरची दांडी बोटाने दाबली की फवारे बंद व्हायला हवेत. दांडी नसेल तर तांब्याने पाणी ओतून थोडा वेळ थांबा.

उलट, उन्हातही फवारे सुरू होत नसतील, तर घाई नको. श्रावणातल्या उघडिपीत हवा दमट असते आणि चकत्या सुकायला काही दिवस लागतात. सुकण्याचा वेग ठरवणारी झडप असेल तर ती थोडी उघडा. तरीही चालेना, तर टायमर बंद करून सेन्सरच्या तारा सोडवा आणि ती छोटी तार परत लावा. आता फवारे चालले तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. चालले नाहीत तर दोष दुसरीकडे आहे. कोळ्याचं जाळं, शेवाळ, उंदराने कुरतडलेली तार हेही पाहा. बिनतारी सेन्सर असेल तर आधी बॅटरी तपासा.

आमचा हिशेब

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमची हिरवळ 100 चौरस मीटरची आणि एका वेळचं पाणी 5 मिलिमीटर, म्हणजे 500 लिटर. पैगंबर मुहम्मद (स.) एका मुद पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे साधारण पाऊण लिटर. त्या मापाने त्या एका रात्री भर पावसात साडेसहाशेहून अधिक वजूंचं पाणी आमच्या अंगणात वाया गेलं. इस्राफ म्हणजे फक्त लग्नातली उधळपट्टी, असं आपण समजतो. बंद घराच्या अंगणातही तो घडतो.

आणि एक गोष्ट सेन्सर दुरुस्त करताना लक्षात आली. तो फक्त पाऊस ओळखतो, विहिरीचा तळ ओळखत नाही. कोरड्या दिवशी तो फवारे अडवणार नाही. म्हणून भाईजानशी फोनवर बोलून ठरवलं, की मार्चपासून टायमर आठवड्यातून दोनदाच चालेल आणि विहीर खाली गेली की पूर्ण बंद. हिरवळ पिवळी पडली तर पडू दे, पावसात ती पुन्हा हिरवी होईल. पावसाळ्याचे चार महिने टायमर बंदच राहील. सेन्सरचा उपयोग मेमधल्या वळवाला आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला. किल्ली आणि टायमरचं बटण कुठे आहे, ते चाचींना दाखवून ठेवलं आहे.

तुमच्या गावच्या बंद घरात असा टायमर असेल, तर मेच्या सुरुवातीला आणि सप्टेंबर अखेरीला कुणाकडून तरी तांब्याभर पाणी सेन्सरवर ओतून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. पाणी ही नेमत आहे आणि सामाईक विहिरीचं पाणी तर अमानतही. ती सांभाळण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.