जुनी पिकअप झटके देतेय? दोष ई२० पेट्रोलचा की झिजलेल्या प्लगचा?

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, चढावर झटके देते, रेस केली तरी जोर धरत नाही. अशा प्रत्येक व्हिडिओखाली सध्या एकच निदान सापडतं: ई२०. भाजी किंवा दूध वाहणाऱ्या पिकअपच्या मालकाला मात्र कमेंटमधलं निदान महागात पडू शकतं. गाडी एक दिवस उभी राहिली की भाडं बुडतं, आणि चुकीचा पार्ट बदलला तर पैसे दोनदा जातात.

आधी एक खुलासा. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुनी बोलेरो पिकअप किंवा सुरुवातीचा ‘छोटा हत्ती’ डिझेलवर चालतो, त्यामुळे तिथे ई२०चा संबंधच नाही. प्रश्न आहे पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजीवरच्या छोट्या पिकअपचा.

मग ई२०वर संशय का?

कारण तो अगदीच निराधार नाही. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२५ मध्ये थेट २० टक्के. ई२० सहन करणारे रबरी आणि धातूचे भाग नव्या गाड्यांमध्ये एप्रिल २०२३ पासून येऊ लागले. त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना पंपावर पर्याय उरला नाही. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच मान्य केलं आहे. हा खर्च किरकोळ असल्याचं मंत्रालय म्हणतं. तो भरायचा मात्र मालकानेच.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. इंजेक्शन असलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. सेन्सर खराब असेल किंवा इंजेक्टर तुंबला असेल तर मिश्रण पातळ राहतं आणि गाडी ‘मिसिंग’ करते. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीत साचलेला गाळ सोडवतं, आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

सर्वात अडचणीत असतात सीएनजीवाले. काही मॉडेलमध्ये पेट्रोलची टाकी जेमतेम ५ लिटरची असते आणि तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं. इथेनॉल ओलावा धरतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात, आणि पंप इंधन खेचतो तळातूनच.

निदान कसं करायचं?

गंमत म्हणजे याच गाड्यांत ते सगळ्यात सोपं आहे. फक्त बटण बदलायचं. पेट्रोलवर झटके आणि सीएनजीवर गाडी मऊ चालत असेल, तर प्लग-कॉइल बहुधा ठीक आहेत. मग टाकीतलं पेट्रोल, फिल्टर, पंप आणि इंजेक्टर बघायचे. दोन्हींवर झटके असतील तर ई२०ला दोष देण्यात अर्थ नाही. फक्त सीएनजीवर त्रास असेल तर पहिला संशय प्लगवर घ्यावा, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते.

गाडी फक्त पेट्रोलची असेल तर स्कॅनर लावावा. पी०३०१ कोड म्हणजे पहिला सिलेंडर मिसफायर होतोय. प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून बघायची. कोड बदलून पी०३०२ झाला तर कॉइल गेली, तसाच राहिला तर प्लग आणि इंजेक्टर तपासायचे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. पण त्याचं कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइपही असू शकतो, आणि तो पाइप इंजिन मागवण्याआधी, नुसतं बॉनेट उघडून हाताने चाचपला तरी सापडतो. कोड न वाचताच इंजेक्टर बदलायला सांगणाऱ्या गॅरेजला आधी स्कॅनरचा स्क्रीन दाखवायला सांगावा, आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्यावा. इंधनाचा रबरी पाइप फुगलेला किंवा चिकट निघाला, तर ई२०वरचा संशय मात्र खरा मानायला जागा आहे.