काळी, पांढरी आणि मधल्या छटा
(बी. ए. द्वितीय वर्ष)

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या रानाचे एक छायाचित्र मोबाईलवर घेतले, त्यातले रंग काढून टाकले आणि तालुक्याच्या गावी जाऊन त्याची प्रत करून आणली. माय म्हणाली, “आरं, जित्या रानाचा असा काळा फोटो कशाला काढलास? असा फोटो मेल्या माणसाचा असतो.” तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. आमच्या भिंतीवर एकच कृष्णधवल छायाचित्र आहे. ते आजोबांचे आहे आणि त्याला हार घातलेला आहे.

महाविद्यालयातील मित्रांचे म्हणणेही याहून फार वेगळे नव्हते. त्यांच्या मते निसर्गाचे छायाचित्र म्हणजे महाबळेश्वरची हिरवळ, कोकणचा निळा समुद्र. फार तर आपल्या सौताड्याचा धबधबा, तोही पावसाळ्यातला. एरवी बीड जिल्ह्यात फोटो काढण्यासारखे आहे तरी काय?

मित्रहो, हा प्रश्न मला सलतो. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. हिरवा रंग आपल्याकडे पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखा जातो. मग उरलेल्या आठ महिन्यांत आपली भूमी दिसण्याजोगी नसते काय? वर्तमानपत्रे तिचे एकच चित्र छापतात : भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे पाहणारा म्हातारा. हे चित्र खोटे नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगला आहे. परंतु एकच चित्र पुन्हापुन्हा पाहून आपणही आपल्या मातीकडे कीव करण्याची वस्तू म्हणून पाहू लागलो आहोत, हे मला अधिक धोक्याचे वाटते.

कृष्णधवल छायाचित्रण येथे उपयोगी पडते, असे माझे मत आहे. रंग नाहीत म्हटल्यावर ‘हिरवे आहे की नाही’ हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो आकार, पोत आणि उजेड. दुपारी बारा वाजता बालाघाटचा डोंगर चपटा दिसतो. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात त्याच डोंगराची घडी न घडी उघडी पडते. नांगरटीचे प्रत्येक ढेकूळ आपली सावली घेऊन उभे राहते.

आणि ही दृष्टी आपल्याला परकी आहे असे कोणी समजू नये. आपली भाषाच पाहा. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. गावाची वाटणी आपल्या पूर्वजांनी याच दोन शब्दांत केली. मधल्या छटाही त्यांना ठाऊक होत्या : बरड, मुरमाड, चुनखडी.

याचा प्रत्यय मला घरीच आला. अण्णांना अक्षरओळख बेताचीच. त्यांनी ती प्रत हातात घेतली, उंबऱ्याच्या उजेडात धरली आणि खालच्या बांधालगतच्या गडद पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, “हितं अजून ओल हाय. हरभरा हितनंच पेरायचा.” ओली माती गडद दिसते, वाळलेली फिकी. रंगीत फोटोत वाळल्या गवताच्या पिवळ्या रंगात मला तो पट्टा दिसलाच नव्हता. कॅमेरा माझा, पण चित्र वाचले अण्णांनी.

या कलेचा इतिहासही आपल्यापासून फार दूरचा नाही. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी आपल्या मराठवाड्यातील वेरूळ आणि दौलताबाद येथील दृश्ये टिपली. त्या काळच्या काचेच्या प्लेटांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार आणि तांबड्याचा नाममात्र होत असे. म्हणून तेव्हाच्या कित्येक चित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे दिसते. पुढे सर्व रंगांची दखल घेणाऱ्या प्लेटा निघाल्या आणि छायाचित्रकाराला निवड करता येऊ लागली. १९२७ साली अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात ॲन्सेल ॲडम्स यांनी ‘हाफ डोम’ या कड्याचे चित्र प्रथम पिवळी काच लावून घेतले. मन भरेना, तेव्हा उरलेल्या शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद तांबडी काच लावली. तांबडी काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आकाश काळवंडले आणि कडा अंगावर आल्यासारखा उभा राहिला. प्रत्यक्षात आकाश तसे नव्हते; पण कडा त्यांना तसाच जाणवला होता. आज मोबाईलमध्येही निळा रंग गडद करून असाच परिणाम साधता येतो.

कोणी म्हणेल, बटण दाबून रंग काढले की काहीही ‘कलात्मक’ दिसते, दारिद्र्यही देखणे दिसू लागते. आक्षेप खरा आहे. नुसते रंग पुसणे ही कला नव्हे. कोणती सावली ठेवायची आणि कोठे उजेड येऊ द्यायचा, हे आधी डोळ्यांनी ठरवावे लागते. त्यासाठी त्या बांधावर पहाटे जाऊन उभे राहावे लागते. जो तेथे उभा राहतो, त्याच्या चित्रात कीव सहसा उतरत नाही.

शेवटी एक सूचना. रंगीत पाने परवडत नाहीत, म्हणून आपल्या वार्षिकांकाची आतली पाने एकाच शाईत छापतात. ही अडचण न मानता संधी का मानू नये? पुढील अंकात चार पाने राखावीत. प्रत्येकाने आपापल्या गावच्या रानाचे एक कृष्णधवल चित्र द्यावे आणि त्याखाली त्या मातीचे गावातले नाव लिहावे. प्राध्यापक मंडळींनी यावर विचार करावा, ही नम्र विनंती.

दिवाळीनंतर अण्णा आणि माय ऊसतोडीला गेले. निघताना मायने ती प्रत मागून घेतली. आता ती कारखान्यावरच्या कोपीत आहे. हार मात्र तिला घातलेला नाही.