घरगुती एलईडी दिव्याची जुळणी : काटकसर कोठे करावी?

बंद खोलीत भाजीपाल्याची रोपे वाढविणारे, सूक्ष्म भाजी पिकविणारे आणि लहान ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा चालविणारे उत्पादक एलईडी दिवे स्वतःच जुळवून घेऊ लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तयार दिव्यांची किंमत लहान भांडवलाच्या उत्पादकास पेलत नाही आणि सुटे भाग आता जिल्ह्याच्या बाजारपेठेतही मिळतात. तथापि या जुळणीत काटकसर नेमकी नको त्या ठिकाणी होते. दिव्याचा रंग आणि वॅटचा आकडा यांवर पैसा खर्च होतो; ड्रायव्हर, उष्णता बाहेर टाकण्याची सोय व विजेची सुरक्षितता यांवर तो वाचविला जातो. हा क्रम उलट झाला पाहिजे.

प्रथम गरज ठरवावी

महाराष्ट्रातील निरभ्र दिवशी दुपारचा सूर्यप्रकाश दर चौरस मीटरवर दर सेकंदास सुमारे 2,000 मायक्रोमोल इतका असतो. इतका प्रकाश विजेवर निर्माण करण्याचा विचार कोणत्याही उत्पादकाने करू नये. जेथे ऊन पोहोचते तेथे ऊनच वापरावे. शेवंतीसारख्या पिकात कळी लांबविण्यासाठी रात्री जो प्रकाश देतात, तो दिवस मोठा भासविण्यासाठी असतो. त्यास साधे व मंद दिवे पुरतात. येथे विचार केला आहे तो बंद खोलीतील फळीवर रोपाचे अन्न ज्या प्रकाशावर तयार होते, त्या दिव्याचा.

जांभळ्या रंगाचा मोह

वनस्पतीस केवळ तांबडा व निळा प्रकाश लागतो, असा समज सर्वत्र दृढ आहे. पानातून काढलेल्या हरितद्रव्याच्या द्रावणावरील निरीक्षणांवरून तो रूढ झाला. परंतु जिवंत पानाचे वर्तन वेगळे असते. के. जे. मॅक्री यांनी बावीस पिकांच्या पानांवर केलेली मोजमापे 1972 साली प्रसिद्ध केली. हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणास बराच उपयोगी पडतो, हे त्यांवरून स्पष्ट झाले. 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यातील सर्वच प्रकाश पिकाच्या कामी येतो.

सबब साध्या फळीसाठी चांगल्या प्रतीच्या पांढऱ्या चिप्स घेणे शहाणपणाचे होय. घरगुती दिव्यांसाठी त्यांचे उत्पादन प्रचंड प्रमाणावर होत असल्याने त्या स्वस्त व कार्यक्षम झाल्या आहेत. शिवाय जांभळ्या उजेडात पानाचा पिवळेपणा, करपा किंवा किडीचा प्रादुर्भाव डोळ्यांस दिसत नाही. रोग ध्यानात येईपर्यंत सारा वाफा हातचा जातो. पांढऱ्या उजेडात ही अडचण राहत नाही.

वॅट नव्हे, मायक्रोमोल

बाजारात ‘एक हजार वॅट’ असे छापलेला दिवा प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॅट वीज घेताना आढळतो. छापील आकड्यावर विसंबणे म्हणूनच व्यर्थ आहे. वॅट म्हणजे खर्च झालेली वीज. पिकाच्या पदरात किती प्रकाश पडला, हे त्यावरून कळत नाही. ते कळते एक ज्यूल विजेपासून मिळणाऱ्या मायक्रोमोलवरून. विक्रेत्याकडे हा आकडा मागावा; तो देता येत नसेल तर माल घेण्याची घाई करू नये.

एक उदाहरण पाहावे. 1.2 मीटर लांब व 0.6 मीटर रुंद फळीचे क्षेत्र 0.72 चौरस मीटर होते. टोमॅटो किंवा मिरचीच्या रोपास 150 मायक्रोमोल तीव्रतेचा प्रकाश सोळा तास देण्याचे योजल्यास फळीवर दर सेकंदास 108 मायक्रोमोल पडले पाहिजेत. फळीबाहेर वाया जाणारा प्रकाश धरता दिव्यातून सुमारे 140 मायक्रोमोल निघावे लागतात. ड्रायव्हरचा तोटा वजा जाता ज्यूलमागे 2 मायक्रोमोल देणारा दिवा यासाठी 70 वॅट घेईल, 1.3 देणारा हलका दिवा 108 वॅट घेईल. तीस दिवसांत पहिल्यास सुमारे 34 युनिट लागतील, दुसऱ्यास 52. अठरा युनिटांचा हा फरक आपल्या बिलातील दराने व फळ्यांच्या संख्येने गुणून पाहिला म्हणजे स्वस्त चिप किती महाग पडते, ते उमगते.

तीव्रता मोजण्यास महाग यंत्र नसले तरी लक्समापक चालतो. पांढऱ्या एलईडीसाठी साधारण 70 लक्स म्हणजे एक मायक्रोमोल धरावा. म्हणजे वरील फळीवर सुमारे साडेदहा हजार लक्स मिळावेत. मोजमाप मध्यभागी व चारही कोपऱ्यांत घ्यावे. एकाच जागी प्रखर दिवा लावण्यापेक्षा अनेक लहान चिप्स फळीभर पसराव्यात, म्हणजे रोपे सारखी वाढतात.

ड्रायव्हर हाच दिव्याचा प्राण

चिप तापली की तिला लागणारे व्होल्टेज उतरते. व्होल्टेज कायम ठेवल्यास प्रवाह वाढतो, त्यामुळे ती अधिक तापते आणि अखेर जळते. याकरिता प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हरच घ्यावा. एका पांढऱ्या चिपेस सुमारे 3 व्होल्ट लागतात. बारा चिप्सच्या माळेस 36 व्होल्ट झाले. हा आकडा ड्रायव्हरवर छापलेल्या मर्यादेच्या आत बसला पाहिजे. ड्रायव्हरवर त्याच्या शक्तीच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भार टाकू नये. ग्रामीण भागातील विजेचा चढउतार ध्यानात घेऊन अधिक विस्तृत व्होल्टेजवर चालणारा व भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेला नग निवडावा.

बारा व्होल्टच्या शोभेच्या पट्ट्या या कामी नकोत. त्यांत तीन चिप्सना 9 व्होल्ट लागतात आणि उरलेले 3 व्होल्ट रोधकात उष्णता होऊन जातात; म्हणजे चौथाई वीज प्रारंभीच वाया जाते.

उष्णता व धोका

दिव्यास दिलेल्या विजेचा साधारण निम्मा भाग उष्णतेत जातो. ती बाहेर पडली नाही तर चिपेचा प्रकाश लवकर मंदावतो. म्हणून चिप्सची पट्टी जाड ॲल्युमिनियमच्या पन्हळीवर उष्णतावाहक लेप लावून घट्ट बसवावी. लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर कदापि नको.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. रोपांची खोली दमट असते, हात ओले असतात आणि मांडणी लोखंडाची असते. थेट 230 व्होल्टवर चालणाऱ्या, बल्बच्या दुरुस्तीसाठी विकल्या जाणाऱ्या उघड्या तबकड्या अशा खोलीत लावणे म्हणजे घरातील माणसांच्या जिवाशी खेळणे होय. मुख्य वीजप्रवाहापासून पूर्णपणे विलग असलेला आणि 60 व्होल्टपेक्षा कमी देणारा ड्रायव्हरच वापरावा. तो पाण्याच्या तुषारांपासून दूर ठेवावा, मांडणीस आर्थिंग करावे आणि 30 मिलिॲम्पिअर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. 230 व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

हे सर्व करण्याची तयारी नसेल त्याने तयार दिवा विकत घेणेच बरे. त्यात कमीपणा नाही. मात्र ज्याने जुळणीचे ठरविले, त्याने आधी एकच फळी उभारावी, एक हंगाम तिचे लक्स, युनिट व रोपांची वाढ यांची नोंद वहीत ठेवावी आणि मगच पुढील फळीस हात घालावा. काटकसर करावयाचीच असेल तर ती शोभिवंत पेटीत, रंगात व छापील वॅटमध्ये करावी. ड्रायव्हर, ॲल्युमिनियम आणि आर्थिंग यांत नव्हे.