मे महिन्यातला पाऊस आणि मिठागरे
२०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोचला. नेहमीची तारीख ११ जून. उरण-पेणच्या मिठागरांच्या पट्ट्यात हे ऐन हंगामाचे शेवटचे दिवस. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण ३ अंश बोमे असते. मीठ धरते ते सुमारे २५ अंशांवर. तेवढे पाणी आटायला कित्येक दिवसांचे कडक ऊन लागते. एका जोरदार सरीने ते पुन्हा पातळ होते, वाफ्यात धरलेले मीठही विरघळते. सरकारदरबारी मीठ हा उद्योग, पीक नव्हे. त्यामुळे पंतप्रधान पीक विमा योजनेचा आधार नाही.

म्हणून मे लागताच तयार मीठ ओढून रास करा, झाका. सर थांबताच वर साचलेले गोडे पाणी आधी काढून टाका. तळाचे दाट पाणी वाचते.