पाइप सोडायच्या आधीची दहा मिनिटं

कोनला जुन्या मुंबई-पुणे हायवेवर पिकअपचं गॅरेज टाकताय? मग गिऱ्हाईक ‘रसायनीला माल पोचवायचाय, लवकर!’ म्हणून कितीही ओरडू दे, डिझेलचा पाइप लगेच सोडू नका. कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो. बारीक धारसुद्धा कातडीत घुसते. इंजिन बंद करा, किमान दहा मिनिटं थांबा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग चष्मा-हातमोजे घालून, फडकं गुंडाळून नट हळू ढिला करा. सुटलेली तोंडं लगेच झाका, कचरा गेला तर इंजेक्टर बाद, आणि तो खर्च तुमच्या अंगावर. दहा मिनिटं फुकट जातात? का म्हणून? माझं मत विचाराल तर मजुरी ठरवतानाच ती धरा आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा.