आधी हलकी वाहने

पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड कोसळली, की पुढच्या कामाला एक क्रम असतो. आधी दगडमाती हटवली जाते. वरचा कडा पुन्हा सुटणार नाही ना, खालची कड खचली नाही ना, हे पाहिले जाते. मग एका बाजूने मोटारसायकली आणि लहान मोटारी सोडतात. अवजड वाहनांना थांबावे लागते. पोलादपुरात अडकलेला ट्रकवाला साहजिकच कुरकुरतो, ‘रस्ता तर मोकळा दिसतोय की!’ पण दिसायला मोकळा असलेला रस्ता भार पेलेलच असे नाही. २०२१ च्या जुलैत महाड-पोलादपूरने ज्या दरडी पाहिल्या, त्यानंतर हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

माणसाच्या शरीराच्या बाबतीत मात्र आपण सगळे त्या ट्रकवाल्यासारखे वागतो. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की माणूस ‘मोकळा’ झाला असे घरादाराला वाटते. माझे हर्नियाचे टाके निघाले, त्याच दिवशी शेजारच्या काकूंनी विचारले, ‘मग आता सायकल कधी काढतोस?’ त्यांचा प्रश्न प्रेमाचाच होता. घाटात सायकल चालवण्याचे माझे वेड त्यांना ठाऊक आहे, आणि ट्रायथलॉनमध्ये उतरण्याचा माझा बेतही.

ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. तिथे दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे असते. त्याचा थोरला भाऊ ‘आयर्नमॅन’ १९७८ साली हवाईत पंधरा जणांनिशी सुरू झाला. त्याचे निम्मे अंतर, म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, २०१९ साली पणजीत प्रथम झाले. तेव्हापासून आपल्या गावांतूनही या खेळाची चर्चा होऊ लागली. त्याबरोबर ‘शस्त्रक्रियेनंतर अमुक महिन्यांत शर्यत पूर्ण’ अशा कौतुककथाही आल्या.

या कथांतला महिन्यांचा आकडा जितका लहान, तितकी आपली छाती अभिमानाने फुगते. माझा आक्षेप आहे तो या हिशेबाला.

जखम भरण्याचे गणित साधे आहे. कातडी आठ-पंधरा दिवसांत जुळते, म्हणून टाके काढता येतात. पण तीन आठवड्यांनीही त्या जागेची ताकद मूळच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचते, आणि पूर्ववत अशी कधीच होत नाही. गुडघ्याचा अस्थिबंध नवा बसवला, तर त्याला शरीरात मुरायला आणखी वेळ लागतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की उड्या आणि वळणांच्या खेळाकडे परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवावे, तितका पुन्हा इजा होण्याचा धोका उतरतो. लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे तो जवळजवळ निम्मा होत होता. आपण ज्याला चालढकल म्हणतो, ती इथे उपचाराचा भाग ठरते.

यावर कोणी टिम डॉनचे नाव घेईल. या ब्रिटिश खेळाडूला २०१७ च्या ऑक्टोबरात हवाईत, शर्यतीच्या तोंडावर, सायकलवर असताना ट्रकने उडवले. मान मोडली. त्यानंतर सहा महिन्यांनी तो बॉस्टन मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावला आणि वर्षभराने पुन्हा हवाईच्या शर्यतीत उतरला. गोष्ट खरीच आहे. पण त्या सहा महिन्यांतले पहिले तीन महिने डोक्याच्या कवटीत स्क्रूने बसवलेले कडे घालून त्याने काढले, तेवढे सांगायचे आपण विसरतो. मान हलवायची नाही, एवढेच त्याचे त्या दिवसांतले काम होते.

आणि दूर कशाला जायचे? सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. पाण्यात ते उतरले ते उपचार म्हणून. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. भालाफेकीतही ते तिथे उतरले होते. १९६५ ते १९७२, म्हणजे सात वर्षे. २०१८ साली पद्मश्री मिळाली, २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट आला, तेव्हा आपण त्या सदतीस सेकंदांना टाळ्या वाजवल्या. मला त्या सात वर्षांचे अप्रूप अधिक वाटते.

मौज अशी, की बऱ्या होत असलेल्या माणसाला ट्रायथलॉनइतका समजूतदार खेळ दुसरा नाही. त्यात तीन दारे आहेत. एक बंद असले तर दुसरे किलकिले करता येते. गुडघा दुखावलेला माणूस आधी जागच्या सायकलवर पाय फिरवतो, जखम भरली की पाण्यात उतरतो, आणि धावण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. माझ्यासारख्या हर्नियावाल्याला चालणे पहिल्या दिवसापासून सांगितलेले. जड उचलणे मात्र चार ते सहा आठवडे वर्ज्य, आणि तळ्यात किंवा समुद्रात पोहणे जखम पुरती बंद झाल्याशिवाय नाही. शिवाय तिघांनी मिळून एक-एक टप्पा वाटून घेण्याचीही सोय असते. शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांनी मी तसेच केले. एका छोट्या शर्यतीत मित्रांपैकी एक पोहला, एक धावला आणि मी तेवढी सायकल चालवली. डॉक्टरांची अट एकच होती, दुखले की उतरायचे. आमचा क्रमांक बराच खाली आला.

पण ही चैन मला परवडली, कारण माझी घाई हौसेची होती. पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या बाईचे गर्भाशय काढले आणि महिन्याभरात भातलावणी आली, तर तिला कोणता टप्पा वाटून घेता येतो? ओणव्याने चिखलात दिवस काढायचा, रोपांच्या मुठी वाहायच्या आणि संध्याकाळी डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायचा. ‘चार दिवसांत कामाला लागली हो!’ हे तिचे कौतुक आणि खेळाडूचे ‘अमुक महिन्यांत शर्यत पूर्ण’ ही एकाच मापाची वजने आहेत. एका ठिकाणी पदक मिळते, दुसरीकडे नुसती पाठ थोपटली जाते. पण शरीराच्या वेळापत्रकाला दोन्हीकडे किंमत शून्य.

म्हणून घरातल्या मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ‘कधी सुरू करणार?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय जमले?’ असे विचारा. त्याच्या वाट्याचे ओझे काही आठवडे कोण उचलणार, हे रुग्णालयातून घरी येण्याआधीच ठरवा. लावणीला एक गडी अधिक लावावा लागला, तर तो औषधाच्या खर्चात धरा. आणि खेळाडूंनीही आपली कहाणी सांगताना थांबलेल्या महिन्यांचा हिशेब त्यात घालावा. ऐकणाऱ्यांत कुणीतरी नुकतेच टाके काढून आलेले असते.

माझ्यापुरते म्हणाल, तर सध्या पोलादपूरहून कापड्यापर्यंत जातो आणि परत येतो. कुंभरोशी, प्रतापगडचा फाटा आणि त्याच्या वरचे महाबळेश्वर दिवाळीनंतर. डॉक्टर हो म्हणाले तर.