संगणक जुना नाही, ॲप जड आहे

लातूरच्या आडत बाजारात सौद्याची वेळ झाली की तुरीचे भाव, मालाचे फोटो, बिल्टी सारे व्हॉट्सॲपवर येते. नांदेडच्या कापड दुकानांतही तीच गत. मुनीम एका खिडकीत हिशेब आणि दुसरीत व्हॉट्सॲप उघडतो आणि चार जीबी रॅमचा संगणक धापा टाकू लागतो. दुरुस्तीवाला सांगतो, नवा घ्या. आमच्या मते घाई करू नये. २०२५ च्या अखेरीस व्हॉट्सॲपने विंडोजवरचे आपले खास ॲप बदलून ब्राउझरच्या आवरणातले वेब पानच दिले. म्हणजे दोन ओळींचा निरोप वाचायला अख्खा ब्राउझर जागा ठेवायचा.

१९९० च्या दशकात टॅली डॉसच्या काळ्या पडद्यावर, माऊसशिवाय चालत होती, हे जुन्या मुनिमांना आठवत असेल. गप्पाही तशाच चालत. फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये तयार केलेली आयआरसी नुसत्या अक्षरांवर चाले. आज एनचॅट नावाचा मोफत प्रोग्राम टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपचे निरोप असेच टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत दाखवतो. तो लिनक्सवर चालतो. फोटो तेवढा वेगळा उघडावा लागतो.

मात्र सांभाळून. व्हॉट्सॲपला असे बाहेरचे प्रोग्राम मान्य नाहीत, नंबर बंद होऊ शकतो. सारे गिऱ्हाईक ज्या नंबरवर आहे तो पणाला लावू नये. टेलिग्रामने अशा प्रोग्रामना दार उघडे ठेवले आहे. गिऱ्हाईक तिकडे येणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण दुकान, गोदाम आणि कारखाना यांच्या आपसातल्या निरोपांना कोण अडवते? गिऱ्हाईक फोनवर राहू द्या.

खरी अडचण लिपीची आहे. टर्मिनल अक्षरांना ठरलेल्या मापाची घरे देते. इंग्रजी त्यात नीट बसते. देवनागरीची जोडाक्षरे मात्र अनेकदा फुटतात, आणि उर्दू तर उलटी, सुटी सुटी दिसते. परदेशात प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे खटकत नाही. देगलूर नाक्यावरच्या मुलाला खटकेल, कारण त्याच्या वालिदांची उधारी उर्दूत लिहिलेली असते. नांदेड-लातुरात संगणक शिकणारी मुले-मुली शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधत फिरतात. त्यांना आठवडाभर गल्ल्याजवळ बसू द्यावे, निरोप कसे येतात ते पाहू द्यावे. आणि काम जमले तर ठरवून मजुरी द्यावी, चहावर भागवू नये.